राखणदार ते सद्गुरू : अदृश्य मार्गदर्शकाचे प्रामाण्य

मनुष्याला वाट दाखवणारी, त्याचा सांभाळ करणारी आणि वेळप्रसंगी त्याला आवरणारी, पण डोळ्यांना न दिसणारी एखादी शक्ती असते, ही श्रद्धा जगातल्या बहुतेक धर्मपरंपरांत आढळते. कुठे ती पूर्वजांच्या रूपाने येते, कुठे देवदूताच्या, कुठे पिराच्या, कुठे गावच्या देवतेच्या, तर कुठे देह ठेवल्यानंतरही शिष्याचा हात न सोडणाऱ्या सद्गुरूच्या रूपाने. या श्रद्धेची चर्चा बहुधा 'असे कोणी खरोखर असते का' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते आणि श्रद्धाळू व चिकित्सक आपापल्या उत्तरांवर ठाम राहिल्यामुळे ती पुढे सरकत नाही. तत्त्वविचारात मात्र अस्तित्वाच्या प्रश्नाला लागूनच प्रामाण्याचा प्रश्न उभा राहतो. प्रामाण्य म्हणजे एखाद्या वचनावर किंवा ज्ञानसाधनावर विसंबून राहण्यास असलेला आधार. अदृश्य मार्गदर्शक आहे असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्याचे म्हणणे कोणी ऐकले, ते त्याचेच कशावरून, ते कोणाला आणि किती बंधनकारक, आणि त्याप्रमाणे वागून अनर्थ झाला तर जबाबदार कोण, हे प्रश्न शिल्लक उरतातच. आध्यात्मिक शोधाच्या दृष्टीने हेच प्रश्न अधिक निकडीचे आहेत, आणि त्यांची उत्तरे ग्रंथांइतकीच लोकांच्या आचारातही शोधावी लागतात.

रत्नागिरीचा परिसर या शोधासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तिथे या प्रश्नाला दिलेली तीन वेगवेगळी उत्तरे एकमेकांच्या शेजारी नांदताना दिसतात. शहराचे ग्रामदैवत श्रीदेव भैरी हे बारा वाड्यांचे दैवत मानले जाते आणि शिमग्यात त्याची पालखी बाहेर पडते, तेव्हा अख्खे शहर त्याच्या सत्तेखाली असल्यासारखे वागते. शहराच्या दक्षिणेला असलेल्या पावस या गावी स्वामी स्वरूपानंदांनी (१९०३–१९७४) आयुष्याची अखेरची चाळीस वर्षे एका घरात राहून नाथपंथीय सोऽहम् साधनेचा उपदेश केला. आणि याच शहरात १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी पोथीनिष्ठेवर व रूढींवर बुद्धिवादी प्रहार केले आणि भागोजी शेठ कीर यांच्या साहाय्याने १९३१ मध्ये सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. ग्रामदेवता, सद्गुरू आणि बुद्धी या तीन अधिष्ठानांचा परस्परसंबंध काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

कोकणातील गावांची धार्मिक व्यवस्था 'गावरहाटी' या नावाने ओळखली जाते. गावात कोणते देव आहेत, त्यांच्यातला थोरला कोण, कोणत्या कार्याला कोणाला आधी विचारायचे, कोणता मान कोणत्या घराण्याचा, या साऱ्याची परंपरेने ठरलेली घडी म्हणजे गावरहाटी. तिच्या शिखरावर ग्रामदेवता असते. तिच्याखाली वाडीवाडीचे, शिवेवरचे, पाणवठ्यावरचे आणि झाडाखालचे देव असतात. आणि या सर्वांत सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याला सर्वांत जवळचा असतो तो राखणदार. राखणदार म्हणजे एखाद्या जागेची, बागेची किंवा शिवाराची राखण करणारी अदृश्य शक्ती. कित्येक ठिकाणी त्याला मूर्तीही नसते. एखादा पाषाण, एखादे जुने झाड किंवा बांधाचा एखादा कोपरा हेच त्याचे स्थान. वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा किंवा रोट देऊन 'राखण' दिली जाते आणि त्याने वर्षभर जागा सांभाळावी अशी अपेक्षा ठेवली जाते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात याच स्वरूपाचा देवचार रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो असे मानतात. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्या फिरण्याने त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा असल्याने भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात.

या श्रद्धेकडे भोळेपणा म्हणून पाहण्याची सवय सुशिक्षितांना लागलेली असली, तरी तिच्यातली एक मर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. राखणदार सर्वज्ञ नाही, सर्वशक्तिमानही नाही. त्याची सत्ता त्याच्या शिवेपुरती आहे. शीव ओलांडली की दुसऱ्याचा अधिकार सुरू होतो. त्याचे आणि माणसाचे नाते परस्परांच्या कर्तव्याचे आहे. माणसाने राखण द्यायची, त्याने राखण करायची. तो जगाच्या उत्पत्तीचे गूढ उकलत नाही की मोक्षाचे आश्वासन देत नाही. देवाच्या नावे राखलेले रान, ज्याला कोकणात देवरहाटी म्हणतात, तिथून फाटाही तोडायचा नाही असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, त्यामागेही ही जागा आपल्या एकट्याची नाही ही जाणीव होती. पश्चिम घाटातील अशा रानांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला, तेव्हा इतरत्र दुर्मीळ झालेली झाडे तिथे टिकून असल्याचे पुढे आले. अदृश्य शक्तीवरील श्रद्धेने इथे माणसाच्या हावेला कुंपण घातले. मार्गदर्शक जितका स्थानिक आणि मर्यादित, तितके त्याच्या नावावर भलतेसलते खपवणे अवघड, हा या थराचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा गाऱ्हाणे आणि कौल या विधींतून मिळतो. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून मोठ्याने केलेले निवेदन. गुरव किंवा मानकरी देवाला संबोधून कोण आले आहे, कशासाठी आले आहे, कोणती अडचण आहे आणि काय मागणे आहे हे क्रमाने सांगतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' असा होकार भरतात. मागणे वैयक्तिक असले, तरी ते दहाजणांच्या कानांवर घालूनच देवाकडे जाते. ज्याला ते चारचौघांत उच्चारण्याची लाज वाटेल असे मागणे या पद्धतीत देवापर्यंत पोचूच शकत नाही. त्यानंतर कौल लावला जातो. देवाच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर ठरलेल्या जागी डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात, प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारतात आणि सगळे थांबून राहतात. काही वेळाने त्यांतले एखादे फूल सुटून खाली येते. उजवे आले तर देवाची संमती, डावे आले तर नकार, असा सर्वसाधारण संकेत असतो. कौल स्पष्ट नसेल तर प्रश्न पुन्हा, अधिक नेमका करून मांडला जातो.

या रीतीत देव बोलत नाही. तो फक्त होय किंवा नाही म्हणतो. प्रश्न माणसाने तयार करायचा, पर्याय माणसाने मांडायचे, आणि देवाने त्यांपैकी एकाला मान हलवायची. त्यामुळे मार्गदर्शनाचा आशय माणसांच्या विचारातूनच येतो. अदृश्य शक्तीकडे उरतो तो केवळ संमतीचा किंवा नकाराचा अधिकार. प्राचीन ग्रीसमध्ये सॉक्रेटिसानेही आपल्याला लहानपणापासून एक दैवी आवाज ऐकू येत असल्याचे न्यायालयापुढे सांगितले होते, आणि प्लेटोने नोंदवल्याप्रमाणे तो आवाज त्याला कधी काही करायला सांगत नसे, फक्त करू घातलेल्या गोष्टीपासून परावृत्त करत असे. अथेन्सच्या त्या तत्त्वज्ञाचा आवाज अगदी एकट्याचा होता आणि कोकणातला कौल साऱ्या गावाचा, हा भेद मोठा आहे; पण दोन्हींत अदृश्य शक्ती माणसाच्या विचाराला आवर घालते, त्याच्या ऐवजी विचार करत नाही, हे साम्य त्याहून मोठे आहे.

ओली पाकळी कोणत्या बाजूने आधी सुटेल हे पाण्याच्या प्रमाणावर, दगडाच्या उतारावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते, हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. याच प्रकारचा आक्षेप शिमग्यातील 'खूण काढण्या'च्या प्रथेलाही लागू पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक गावांत शिमग्याच्या दिवसांत मोकळ्या जागी जमिनीत नारळ पुरून ठेवतात आणि ग्रामदेवतेची पालखी तो शोधून काढते. ढोल-ताशांच्या गजरात खांदेकरी पालखी घेऊन फिरू लागतात. ती कधी वेगाने पुढे धावते, कधी मागे रेटते, एका जागेभोवती घुटमळते आणि शेवटी एका ठिकाणी वाकून थांबते. तिथे उकरल्यावर नारळ निघाला की एकच जल्लोष होतो. पालखी आपण नेत नाही, ती आपल्याला नेते, असा खांदेकऱ्यांचा प्रामाणिक अनुभव असतो. १८५३ मध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने, प्रेतात्मे टेबल हलवतात असा दावा होत असलेल्या बैठकांची परीक्षा घेतली, तेव्हा बसलेल्यांचे हात त्यांच्याही नकळत टेबलाला रेटा देत असल्याचे त्याला दिसले. अनेक खांद्यांवरच्या पालखीची गतीही अशा नेणिवेतील रेट्यांच्या बेरजेतून समजून घेता येते. मात्र हे स्पष्टीकरण स्वीकारले तरी एक गोष्ट उरते: त्या क्षणी कोणताही एक खांदेकरी पालखीचा मालक नसतो, आणि आपल्या इच्छेपेक्षा मोठ्या अशा सामूहिक इच्छेला वाट करून देण्याचा अनुभव त्या माणसांना खरोखर आलेला असतो. अनुभव खरा असणे आणि त्याचे लावलेले कारण खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक आध्यात्मिक शोधाच्या प्रत्येक पायरीवर लागतो.

या व्यवस्थेतील दोष मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. कौल देवाचा असला तरी तो लावणारा, वाचणारा आणि आधी मान घेणारा माणूसच असतो, आणि हे मान जातींनी व घराण्यांनी वाटून घेतलेले असत. काही समाजांना सेवेची कामे होती पण गाभाऱ्याची पायरी नव्हती. अशा वेळी देवाची मर्जी आणि मानकऱ्यांची मर्जी यांतली सीमारेषा पुसट होणे अपरिहार्य होते. गावाच्या साक्षीने होणाऱ्या विधीची गत ही, तर बंद दाराआड चालणाऱ्या भगताच्या व्यवहाराबद्दल वेगळे सांगायला नको. अंगात येणे, म्हणजे एखाद्या शक्तीने माणसाच्या शरीराचा ताबा घेऊन त्याच्या तोंडून बोलणे. या अवस्थेत अदृश्य मार्गदर्शक होय-नाहीपुरता राहत नाही, तो आज्ञा देऊ लागतो, नावे घेऊन दोष देऊ लागतो, आणि त्या दोषाची किंमत बहुधा घरातल्या सुनेला, शेजारच्या विधवेला किंवा औषधाअभावी रुग्णाला मोजावी लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्याने ज्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश काढला आणि जो वर्षअखेरीस विधिमंडळाने संमत केला, त्याचा रोख श्रद्धेवर नसून तिच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवर, छळावर आणि शोषणावर आहे. सावरकरांनी रत्नागिरीत असताना 'किर्लोस्कर' मासिकातून मांडलेला विचारही याच गाभ्याला भिडतो: कोणतेही वचन केवळ पवित्र मानले गेले म्हणून प्रमाण ठरत नाही, ते आजच्या ज्ञानाच्या आणि मनुष्यहिताच्या कसोटीवर उतरावे लागते.

ग्रामदेवतेकडे जाणारा माणूस बहुधा संरक्षण मागतो. साधक मागतो ते ज्ञान. त्यामुळे अदृश्य मार्गदर्शकाची कल्पना साधकाच्या हाती येते तेव्हा तिचे स्वरूप बदलते. मराठी संतपरंपरेत याचे सर्वांत ठळक उदाहरण तुकारामांच्या स्वप्नानुग्रहाचे आहे. अनुग्रह म्हणजे गुरूने शिष्याचा केलेला स्वीकार आणि दिलेला मंत्र. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, राघवचैतन्य-केशवचैतन्य ही परंपरा सांगितली, स्वतःचे नाव बाबाजी सांगितले आणि मंत्र दिला, अशी हकिकत तुकारामांनी स्वतःच्या अभंगात नोंदवली आहे आणि हे सारे स्वप्नात घडल्याचेही लपवलेले नाही. तिथली पावशेर तुपाची मागणी इतकी घरगुती आहे की तीच त्या अनुभवाच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते. रचून सांगणाऱ्याने काही भव्य सांगितले असते. पण या स्वप्नाच्या बळावर तुकारामांनी कोणावर अधिकार गाजवला नाही. उलट खऱ्याखोट्याचा निवाडा आपण स्वतःच्या मनाला साक्षी ठेवून केला असे ते सांगतात, आणि अंगात आणणाऱ्यांवर व सिद्धीचे अवडंबर माजवणाऱ्यांवर कठोर शब्दांत टीका करतात. स्वप्नाने त्यांना मंत्र दिला. विवेकाला रजा दिली नाही.

बहिणाबाईंच्या जीवनात या कल्पनेची आणखी एक बाजू दिसते. ब्राह्मण घरातील या स्त्रीला तुकारामांनी स्वप्नात येऊन उपदेश केला असे तिच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहे. शूद्र मानल्या गेलेल्या गुरूचा अनुग्रह, तोही एका विवाहितेला, ही गोष्ट तिच्या पतीला सहन झाली नाही आणि तिला छळ सोसावा लागला. पुढे हे कुटुंब देहूला गेले आणि तिला तुकारामांचा सहवास मिळाला. दृश्य जगातल्या गुरूकडे जाण्याच्या साऱ्या वाटा जातीने, लिंगाने आणि घराच्या उंबरठ्याने अडवलेल्या असताना ज्याला कोणी अडवू शकत नाही असा अदृश्य गुरू तिच्या वाट्याला आला. गावरहाटीत अदृश्य शक्तीची वाणी वरिष्ठांच्या हाती बंदिस्त झाली होती; इथे तीच कल्पना बंदिस्त स्त्रीला मोकळे करते. एखादी श्रद्धा मुक्त करते की जखडते, हे त्या श्रद्धेच्या विषयावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ती कोणाच्या हातात आहे आणि तिची किंमत कोण मोजतो यावर अवलंबून असते. बहिणाबाईंनी आपल्या स्वप्नाची किंमत स्वतः मोजली.

दत्तसंप्रदायात ही कल्पना नित्याच्या आचारात उतरलेली दिसते. दत्त हा भिक्षेकऱ्याच्या, फकिराच्या किंवा वेड्याच्या वेषात केव्हाही समोर येऊ शकतो, अशी त्या संप्रदायाची धारणा आहे. सावंतवाडीजवळच्या माणगाव इथे १८५४ मध्ये जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी, यांची चरित्रे दत्ताज्ञेच्या प्रसंगांनी भरलेली आहेत: आज्ञा झाली म्हणून १८८३ मध्ये माणगावी दत्तमंदिर उभे राहिले, आज्ञा झाली म्हणून काही वर्षांनी ते गाव सोडले, आज्ञा झाली म्हणून चातुर्मासाचे स्थान ठरले. वरवर पाहता हे स्वतःची इच्छा पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देणे वाटते. पण त्यांच्या आज्ञा त्यांना नेहमी कष्टाकडे नेतात: पायी प्रवास, अपरिग्रह आणि संन्यासधर्माचे काटेकोर पालन. एकाही प्रसंगी दत्ताज्ञेने त्यांना शास्त्राच्या बंधनातून सूट दिली किंवा सुखाची सोय केली असे चरित्रकार सांगत नाहीत. अंतःप्रेरणेच्या नावाने येणारी आज्ञा माणसाच्या वासनेला सोयीची असेल तर ती संशयास्पद, आणि ती त्याच्याकडून अधिक त्याग मागत असेल तर निदान विचारार्ह, ही कसोटी या चरित्रातून हाती लागते.

पावसच्या स्वामी स्वरूपानंदांकडे आल्यावर अदृश्य मार्गदर्शकाचा विचार निर्णायक वळण घेतो. रामचंद्र विष्णू गोडबोले हे त्यांचे मूळ नाव. तरुणपणी राष्ट्रीय चळवळीत पडलेल्या या साधकाला पुण्याचे बाबामहाराज वैद्य यांच्याकडून अनुग्रह मिळाला. ही परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी नाथपंथाशी जोडलेली आहे. १९३४ च्या सुमारास आलेल्या गंभीर दुखण्यानंतर ते पावस इथल्या देसाई कुटुंबाच्या 'अनंत निवास' या घरात राहिले आणि १९७४ मध्ये समाधी घेईपर्यंत तिथून क्वचितच बाहेर पडले. ज्ञानेश्वरीतील ओव्यांचा भाव अभंगांत उतरवणारी 'अभंग ज्ञानेश्वरी' आणि 'संजीवनी गाथा' या त्यांच्या रचना याच निवासातल्या. त्यांच्या उपदेशाचा गाभा सोऽहम् साधना आहे. श्वास आत जाताना 'सो' आणि बाहेर येताना 'हं' असा ध्वनी आपोआप चाललेला असतो, आणि परंपरेच्या गणनेप्रमाणे दिवसरात्रीत २१,६०० वेळा होणारा हा न जपता घडणारा जप, म्हणजे अजपाजप, साधकाने केवळ लक्षपूर्वक ऐकायचा असतो. 'सः अहम्', म्हणजे ते परमतत्त्व मीच आहे, हा त्याचा अर्थ. सावरकरांनी बुद्धीच्या बळावर बाहेरच्या सत्तांना जाब विचारला त्याच काळात, त्याच तालुक्यात, एक आजारी माणूस आलेल्यांना आपापल्या श्वासाकडे पाहायला सांगत होता, हा योग रत्नागिरीच्या वैचारिक इतिहासात मोलाचा आहे.

या साधनेत गुरूचे स्थान अत्यंत उच्च आहे. गुरूच्या देहत्यागानंतरही त्याची कृपा कार्यरत राहते असे शिष्य मानतात आणि पावसच्या समाधिमंदिरात येणारे भाविक त्याच भावाने येतात. तरीही गुरू जे दाखवतो ते शिष्याच्या स्वतःच्या श्वासात आधीपासून असलेले तत्त्व असते. त्यामुळे मार्गदर्शक जसजसा यशस्वी होतो, तसतसे त्याचे वेगळेपण संपत जाते. राखणदार सदैव बाहेर, शिवेवर उभा राहतो. सोऽहम् साधनेतील गुरू शेवटी साधकाच्या आत विरघळतो. भगवद्गीतेत देहातील परम पुरुषाला उपद्रष्टा आणि अनुमन्ता, म्हणजे जवळून पाहणारा आणि अनुमती देणारा, अशी विशेषणे आहेत. कौलाच्या पाकळीकडे टक लावून बसलेल्या गावाला जो साक्षी आणि संमती देणारा देव बाहेर हवा असतो, तोच इथे अंतरात सापडतो. दोन थरांमध्ये सातत्य आहे, तुटलेपण नाही.

साधकाला सूक्ष्म जगातल्या शक्तींचे दर्शन होऊ शकते हे मान्य करूनही भारतीय परंपरेने त्यांच्याविषयी सावध केले आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपादात असे सांगितले आहे की उच्च लोकांतील देवता योग्याला आमंत्रण देतात तेव्हा त्याने संग आणि स्मय दोन्ही टाळावेत. संग म्हणजे त्या सुखाची ओढ. स्मय म्हणजे देव मला बोलावतात असा अभिमान. ओढीचा धोका सर्वांना कळतो, पण सूत्रकाराने अभिमानाला तितकेच घातक ठरवले, हे त्याच्या मानसशास्त्रीय सूक्ष्मतेचे गमक आहे. समर्थ रामदासांनीही दासबोधात करामत दाखवणाऱ्या अनेकविध गुरूंपासून मोक्षदायी सद्गुरूला वेगळे काढले आणि एका संपूर्ण दशकाला 'देवशोधन' हे नाव दिले. देवाचा शोध घ्यायचा, म्हणजे देव म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पारखायचे, हा त्या नावामागचा आग्रह आहे.

पारख सुटली की काय होते याचे उदाहरण आधुनिक काळात थिऑसॉफिकल सोसायटीच्या इतिहासात मिळते. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही संस्था १८७९ मध्ये मुंबईत आली आणि १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यार इथे स्थिरावली. हिमालयापलीकडे राहणारे महात्मे जगाच्या आध्यात्मिक उत्क्रांतीला वळण देतात आणि निवडक लोकांना पत्रे पाठवतात, हा तिच्या संस्थापकांपैकी मादाम ब्लॅव्हॅट्स्की यांचा दावा होता. भारतीय विद्येविषयी आदर जागवण्याचे मोठे काम या संस्थेने केले. पण ती पत्रे मोजक्यांनाच मिळत, आणि १८८५ मध्ये लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेच्या अहवालाने त्यांना बनावट ठरवल्यावर सुरू झालेला वाद दीर्घकाळ शमला नाही. पुढे याच वर्तुळातून 'जगद्गुरू' म्हणून वाढवले गेलेले जे. कृष्णमूर्ती यांनी १९२९ मध्ये हॉलंडमध्ये आपल्या भोवती उभी केलेली संघटना स्वतःच विसर्जित केली आणि सत्यापर्यंत नेणारी कोणतीही बांधीव वाट नाही अशी भूमिका घेतली. ज्याच्या अंगावर अदृश्य सत्तेचा झगा चढवला गेला होता त्यानेच तो उतरवावा, ही धर्मेतिहासातील असामान्य नैतिक कृती होय.

यावर बुद्धिवादी असा प्रश्न विचारू शकतो की मार्गदर्शन अखेर स्वतःच्याच विवेकातून येणार असेल, तर अदृश्य शक्तीची कल्पना मध्ये ठेवायचीच कशाला. हा प्रश्न गंभीर आहे. त्याचे एक उत्तर विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १९०२ मधील आपल्या धर्मानुभवावरील व्याख्यानग्रंथात सुचवले: अनुभवाचा उगम नेणिवेत असला म्हणून त्याचे मूल्य संपत नाही, ते त्याच्या फळांवरून ठरते. पण याहून खोल उत्तर माणसाच्या विवेकाच्या स्वभावात आहे. विवेक हा स्वतःचा असला तरी तो स्वतःच्या सोयीचा नसतो. तो माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडवतो, लाजवतो, जागे करतो. आपल्यातच असून आपल्याहून मोठ्या अशा या आवाजाला परंपरेने चेहरा दिला, नाव दिले आणि त्याच्याशी बोलण्याची रीत घालून दिली. ती रीत नसती तर कित्येक माणसांना स्वतःच्या आतल्या त्या साक्षीपर्यंत पोचणे अवघड गेले असते. आधुनिक माणूस देवापुढे गाऱ्हाणे घालत नाही, पण आपला प्रश्न चार लोकांसमोर स्वच्छ शब्दांत मांडण्याची शिस्तही त्याने गमावली आहे, आणि एकांतात मोबाईलवर भविष्य सांगणाऱ्याला पैसे देताना ती उणीव त्याच्या लक्षात येत नाही.

या साऱ्या विवेचनातून अदृश्य मार्गदर्शकाच्या प्रामाण्याच्या काही कसोट्या स्थिर होतात. त्याची वाणी उघड साक्षीत टिकणारी असावी, केवळ निवडकांच्या कानात सांगितलेली नसावी. तिची किंमत ऐकणाऱ्याने मोजावी, दुसऱ्या दुबळ्याने नव्हे. तिने ऐकणाऱ्याचा अभिमान वाढवू नये आणि त्याच्या वासनेला परवाना देऊ नये. आजार, कायदा आणि दुसऱ्याचे जीवित यांच्या बाबतीत तिने उपलब्ध ज्ञानाची जागा घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्या सहवासात माणूस अधिक जबाबदार व्हावा. राखणदारावरील श्रद्धा देवरहाटीतला फाटा न तोडण्याइतका संयम देते तोवर ती आदरास पात्र आहे. तीच श्रद्धा शेजाऱ्यावर करणीचा आळ घेऊ लागली की तिचा निषेध हाच धर्म ठरतो. सद्गुरूवरील निष्ठा साधकाला स्वतःच्या श्वासापर्यंत आणते तोवर ती ज्ञानाची वाट आहे. ती त्याचे डोळे मिटवून कोणा मध्यस्थाच्या हाती देते तेव्हा गुरुत्वच लोपते. अदृश्य शक्ती आहेत की नाहीत याचा वाद चालूच राहील, आणि तो चालू राहण्यात गैर काही नाही. मात्र त्यांच्या नावाने केलेल्या प्रत्येक कृतीचा जाब देणारा माणूसच असतो, हे ज्या श्रद्धेला मान्य आहे तिला बुद्धीची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि बुद्धीनेही अशा श्रद्धेला शत्रू मानण्याचे कारण उरत नाही.